एका तळपायाखालून किती मालगाड्या?

सोळाशे मीटर. भंडारा जिल्ह्यात हा आकडा उच्चारला की घराघरांतली पोरं कान टवकारतात, कारण पोलीस भरतीचं ग्राऊंड याच आकड्यावर ठरतं. मुलांना सोळाशे, मुलींना आठशे. पहाटे तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी, कुठल्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जा, कुणी ना कुणी धावताना दिसणारच. आणि त्यांतले कित्येक अनवाणी!

यांच्यातला एक मनात उभा करा. वजन ६० किलो धरू. सोळाशे तो सव्वापाच मिनिटांत मारतो, मिनिटाला १८० पावलं टाकतो. झाली ९४५ पावलं. वेगात धावताना पाऊल जमिनीवर रोवलं की त्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, म्हणजे १५० किलो. करा गुणाकार. १,४१,७५० किलो! एकशे एक्केचाळीस टनांच्याही वर! आधारभूत केंद्रावर धानाचा कट्टा ४० किलोचा भरतात, त्या हिशेबानं हे साडेतीन हजार कट्टे झाले. एका पोरानं, दोन तळपायांवर, चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पेललेले साडेतीन हजार कट्टे!

आणि पेलतंय कोण? एका पायात २६ हाडं, ३३ सांधे. दोन्ही पायांची मिळून ५२ हाडं. अख्ख्या शरीरात हाडं २०६. म्हणजे देवानं हाडांचा रुपया वाटायला घेतला आणि त्यातले चार आणे घोट्याखाली ओतले.

या पायावर टीकाकारांचा विश्वास नाही. अनवाणी धावू नका, ते म्हणतात. रस्ता कडक आहे, गुडघे जातील. माणसाला आता बुटांची सवय झाली आहे. बुटांनी वेग वाढतो. आणि अनवाणी धावणं हे परदेशातलं खूळ आहे, आलं तसं जाईल. मला हे सगळे आक्षेप मनापासून घ्यायचे आहेत, कारण त्यांतला एक तर फार वजनदार आहे. पण घेताना वजनकाटा सोबत ठेवू.

कडक रस्त्यापासून सुरुवात करू. २०१० साली हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक मोजणी छापली. बूट घालून टाच आधी आपटत धावणाऱ्यांना जमिनीचा पहिला तडाखा बसतो तो सरासरी अंगाच्या वजनाच्या १.७४ पट. लहानपणापासून अनवाणी धावलेले लोक चवड्यावर उतरतात, त्यांना बसणारा पहिला तडाखा ०.५८ पट. एकतृतीयांश! आपल्या ६० किलोच्या पोराला लावा. बुटात, टाचेवर, १०४ किलो. अनवाणी, चवड्यावर, ३५ किलो. एका पावलामागे जवळजवळ ७० किलोचा फरक. ७० किलो म्हणजे दर पावलाला एक अख्खा माणूस कमी!

आता हा माणूस मोजत जा. सरावाला रोज पाच किलोमीटर, मीटरभराचं एक पाऊल, पाच हजार पावलं. फरक ३,४८,००० किलो. सहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल विहीर काठोकाठ भरली तर तिच्यात मावणारं पाणी भरतं ३३९ टन. म्हणजे टाच आपटत धावणारा रोज एक तुडुंब विहीर जास्तीची झेलतो. रोज! वर्षात तीनशे दिवस धावला तर तीनशे विहिरी! बेरीज १,०४,४०० टन.

विहिरीत एवढं मावेना, म्हणून वरठीला जाऊ. भंडारा रोड स्टेशन तिथं आहे, मुंबई-हावडा मार्गावर. कोळशाची गाडी धडधडत जाते तेव्हा फलाटावर उभं राहून वाघिणी मोजायचा नाद कुणाला नसतो? अठ्ठावन्न वाघिणी, एकेकीत साठेक टन, गाडीत मिळून ३,४८० टन. आणि आपल्या बेरजेला ३,४८० नं भागलं की उत्तर येतं ३०. तीस मालगाड्या! एका पोराच्या, एका वर्षाच्या, निव्वळ फरकाच्या तीस कोळसागाड्या! कडक रस्त्याचं भय घालणाऱ्यांनी हा आकडा रुळांवर उभा करून बघावा. एकीमागे एक लावल्या तर गाड्यांची रांग वरठीहून निघून वीस किलोमीटर पलीकडे पोचेल.

दुसरा आक्षेप सवयीचा. माणसाला बुटांची सवय झाली, म्हणतात. किती दिवसांची? शास्त्रज्ञांचा अंदाज असा की आपले पूर्वज सुमारे वीस लाख वर्षांपासून लांब पल्ल्याचं धावत आले. वीस लाख वर्षं डोक्यात मावत नाहीत, तेव्हा ती रस्त्यावर अंथरू. मुंबई ते पुणे, दीडशे किलोमीटर. एक वर्ष म्हणजे साडेसात सेंटिमीटर, चार बोटं. मुंबईतून निघालो. पनवेल आलं, अनवाणी. खोपोली आली, अनवाणी. घाट चढलो, लोणावळा, तळेगाव मागे पडलं, अजून अनवाणी. आत्तापर्यंत सापडलेल्या जुन्यात जुन्या चपला दहा हजार वर्षांच्या आसपासच्या, गवत-सालीच्या विणलेल्या. त्या पायात येतात पुणं अवघं पाऊण किलोमीटर उरलं असताना! आणि टाचेखाली जाड गादी असलेला, आज दुकानात मिळतो तसा धावायचा बूट? तो आला १९७० च्या दशकात. पन्नास वर्षं. साडेसातनं गुणा. पावणेचार मीटर! दीडशे किलोमीटर अनवाणी आणि शेवटची एका मोटारीची लांबी बुटात. हेच भंडारा ते नागपूर साठ किलोमीटरवर मांडलं तर गादीच्या बुटाच्या वाट्याला येतो दीड मीटर, म्हणजे धावणाऱ्याचं एक पाऊल. सवय कुणाला कशाची आहे ते या एका पावलानं सांगितलं.

वेगाचा आक्षेप घेतला की अबेबे बिकिला यायचाच. १९६० चं रोम ऑलिंपिक. इथिओपियाचा हा शिपाईगडी मॅरेथॉनला अनवाणी उभा राहिला, रोमच्या दगडी रस्त्यांवरून ४२.१९५ किलोमीटर धावला आणि २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंदांत पोचला. सुवर्णपदक, वर विश्वविक्रम. भंडाऱ्याहून साकोली चाळीसेक किलोमीटर, तेव्हा अंतर डोळ्यांपुढे येईलच. मिनिटाला १८० धरली तर त्यानं २४,३०० पावलं टाकली. वजन ५७ किलो धरून पावलाला १४२ किलो भार. बेरीज साधारण ३,४६० टन. ओळखीचा आकडा वाटला? वरठीची कोळशाची गाडी! अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न वाघिणी, सव्वादोन तासांत, उघड्या तळव्यांवरून!

आणि विक्रम मोडला किती फरकानं? आधीचा विक्रम २ तास १५ मिनिटं १७ सेकंदांचा होता, एका सेकंदापेक्षाही कमी फरक. त्या वेगात ०.८ सेकंद म्हणजे सव्वाचार मीटरांना थोडं कमी, म्हणजे जेमतेम अडीच पावलं. २४,३०० पावलांत अडीच पावलांची सरशी!

टीकाकार इथं थांबवतात. चार वर्षांनी टोकियोत हाच बिकिला बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंदांत आला, तीन मिनिटं पाच सेकंद लवकर. खरं आहे. शहर वेगळं, रस्ता वेगळा, मधे चार वर्षांचा सराव, तरी ते सगळं बाजूला ठेवून सारं श्रेय बुटाला देऊन टाकू. १८५ सेकंद, भागिले २४,३०० पावलं. एका पावलामागे एका सेकंदाचा एकशेतिसावा भाग! डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. ऑलिंपिकच्या शर्यतीत हा तुकडा सोन्याच्या मोलाचा असेलही, आणि आजचे विक्रमी धावपटू बुटात धावतात ते योग्यच करतात. पण भंडाऱ्याच्या पोरानं त्या एकशेतिसाव्या भागासाठी घाबरून पाय झाकावा, हे मला पटत नाही.

वजनदार आक्षेप आता येतो. परदेशात २००९ नंतर अनवाणी धावण्याची लाट आली. लोकांनी पायाच्या बोटांच्या आकाराचे पातळ रबरी बूट घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून धावत सुटले. २०१४ साली असे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीनं, पाय बळकट होतात या तिच्या जाहिरातींविरुद्धच्या दाव्यात, ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली, तेव्हाच्या भावानं बावीस कोटींच्या वर रुपये. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी दहा आठवडे असे पातळ बूट वापरणाऱ्या १९ धावपटूंची पाहणी छापली. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत आतून सूज वाढलेली होती. निम्म्याहून जास्त!

हे खोटं नाही. याला मी मान तुकवतो आणि नव्यानं सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हे वाचून दाखवतो. पण त्या आकड्यांतला दुसरा आकडा कुणी पाहिला का? दहा आठवडे!

सत्तर दिवस. दिवसाला पाच हजार पावलं उघड्या पायांनी टाकली असं मानलं तरी साडेतीन लाख पावलं. आता धानाच्या गावात वाढलेला अठरा वर्षांचा पोर घ्या. अंगणात, धुऱ्यावर, बांधीत, शाळेच्या वाटेवर, दिवसाला तीच पाच हजार पावलं अनवाणी. गुणिले ३६५, गुणिले अठरा. तीन कोटी अठ्ठावीस लाख पन्नास हजार पावलं! अर्ध्या मीटरचं पाऊल धरलं तरी १६,४०० किलोमीटरांच्या वर. मुंबई-पुणे रस्त्यावरून शंभरावर खेपा! साडेतीन लाख आणि सव्वातीन कोटी, चौऱ्याण्णव पटींचा फरक. दोघेही एकाच रेषेवर अनवाणी उभे दिसतात, म्हणून त्यांना एकच नाव द्यायचं? टीकाकार बूट मोजतात, आहे की नाही एवढंच बघतात. मोजायची असतात ती पावलं. तळवा कोटींच्या हिशेबानं तयार होतो, लाखांच्या हिशेबानं नाही. हेच मला त्यांना सांगायचं आहे, पुन्हा पुन्हा सांगायचं आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशीच अनवाणी धावत मोठी झाली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. मिलिंद सोमण यांनी २०१६ मध्ये अहमदाबाद ते मुंबई ५२७ किलोमीटर अनवाणी कापले. मीटरभराच्या पावलानं पाच लाख सत्तावीस हजार पावलं, मुंबई-पुणे साडेतीन वेळा! तेही वर्षानुवर्षं अनवाणी धावत आलेल्या पायांवर.

कुणी म्हणेल, एवढी पावलं टाकून तळवा जाड होतो, मग त्याला खालचं काही कळत नसेल. २०१९ साली ‘नेचर’मध्येच याचं उत्तर आलं. केनियातल्या अनवाणी आणि बूटवाल्या लोकांचे तळवे तपासले. घट्टे जाड होते, स्पर्श कळण्यात उणेपणा नव्हता. कातडं जाड झालं आणि पाय तरी जागा राहिला!

एक बाजू मात्र या सगळ्या मोजणीच्या बाहेर आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारच्या डांबरावर पाय ठेवायचा नसतो, तिथं चप्पलच हवी. मधुमेहानं ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे त्यांनी अनवाणी धावूच नये, एका काट्यानं पाय गमवायची वेळ येते. आणि ज्या तालमीच्या मैदानावर फुटक्या बाटल्या पडतात ते मैदान आधी झाडलं पाहिजे.

सगळ्यात बोचणारा सवाल पैशांचा. ही पोरं हौसेनं अनवाणी नाहीत, बूट परवडत नाहीत म्हणून आहेत. त्याचं कौतुक कसलं करता? हा सवाल करणाऱ्यांचा मी आदर करतो. तर रुपये मोजू. २०२३ मध्ये आदिदासनं मॅरेथॉनसाठी एक बूट काढला, एका पायातल्याचं वजन १३८ ग्रॅम, जोडाची किंमत ५०० डॉलर, तेव्हाचे साडेएक्केचाळीस हजार रुपये. आयुष्य थोडा सराव आणि एक मॅरेथॉन! त्याच हंगामात धानाचा आधारभाव होता क्विंटलला २,१८३ रुपये. एकोणीस क्विंटल धान! सत्तेचाळीस कट्टे वाहून नेऊन विकायचे आणि १३८-१३८ ग्रॅमच्या बुटांचा एक जोड घरी आणायचा, एका शर्यतीपुरता. मॅरेथॉनच्या पावलांनी भागलं तर पावलाला एक रुपया सत्तर पैसे.

आता बारामती, २०१३. लता भगवान करे, साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली. नऊवारी, अनवाणी, आणि पहिली! बक्षीस पाच हजार रुपये. ऐंशी सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर ३,७५० पावलं, पावलाला एक रुपया तेहेतीस पैसे. एकीकडे पाऊल टाकायला बूट एक सत्तर घेतो, दुसरीकडे तेच पाऊल एका घराला एक तेहेतीस मिळवून देतं. त्या बाईवर पुढं चित्रपट निघाला, त्यात तिची भूमिका तिनंच केली.

प्रत्येक पोराकडे एक चांगला जोड असावा, असं मला मनापासून वाटतं. नसणं आणि काढून ठेवणं यांत फार अंतर आहे. पोरानं पिशवीत बूट ठेवून, आपल्या मर्जीनं, सोळाशेच्या रेषेवर अनवाणी उभं राहावं. पण बूट नाहीत म्हणून त्याच्या पायाला कच्चा कुणी म्हणू नये. तो पाय किती पक्का आहे ते बघायचं तर आषाढात भंडाऱ्याला यावं लागतं.

आषाढात रोवणी सुरू होते. जिल्ह्यात धानाचं क्षेत्र पावणेदोन लाख हेक्टरांच्या घरात. काही आवत्या, म्हणजे रोवणीशिवाय थेट पेरलेला असतो, म्हणून रोवणीचं दीड लाखच धरू. चिखलणी झालेल्या बांधीत बाया रांगेनं उतरतात, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी हातात, वाकून, आणि मागे मागे सरकत जातात. अनवाणी, कारण त्या चिखलात दुसरं काही टिकतच नाही. दिवसभर पाण्यात राहून पायांना चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्या सोलतात, आणि संध्याकाळी तेल-हळद लावून सकाळी पुन्हा उतरायचं असतं. हेही त्या पावलांच्या हिशेबात धरायला हवं.

एक बाई एका रांगेत रोपांची आठ चुडं लावते. दोन चुडांत पंधरा सेंटिमीटर, म्हणजे सव्वा मीटरला थोडा कमी पट्टा. रांग लागली की वीस सेंटिमीटर मागे, एक पाऊल. एका हेक्टरला या पट्ट्याची लांबी भरते ८,३०० मीटरांच्या वर, आठ किलोमीटर! एका हेक्टरमागे एकेचाळीस हजारांवर पावलं! आणि हेक्टर किती? दीड लाख. गुणा. सव्वासहाशे कोटी पावलं! चुडं पाच हजार कोटी! देशात एकशेचाळीस कोटी माणसं, माणशी पस्तीस चुडं एकट्या भंडारा जिल्ह्याच्या हातची!

आणि अंतर? साडेबारा लाख किलोमीटर. मुंबई-पुणे आठ हजार तीनशे वेळा. मुंबई-पुण्यानं पुरेना, पृथ्वी घेऊ. एकतीस प्रदक्षिणा! पृथ्वीही पुरेना. चंद्र घेऊ, तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. भंडाऱ्याच्या बाया चंद्रावर पोचल्या. परत आल्या. पुन्हा पोचल्या. आणि तरी अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटर शिल्लक! वाकून, उलट्या पावलांनी, गुडघाभर चिखलातून, एका पावसाळ्यात! आणि ही मोजणी फक्त रोवणीची झाली. निंदण, कापणी, बांधणी, मळणी यांची पावलं अजून यात धरलेलीच नाहीत.